उन्हाच्या जोरावर

दिवाळीच्या फराळाबरोबर वैशाखातल्या उन्हाची गोष्ट वाढणे म्हणजे करंजीच्या ताटात मिरचीचा ठेचा वाढण्यासारखे आहे. तरी वाचकांनी थोडे सोसून घ्यावे. ज्या उन्हाला आपण एप्रिल-मे महिन्यांत शिव्याशाप देतो, वाळ्याचे पडदे भिजवून आणि माठ भरून ज्याच्याशी चार महिने झुंजतो, त्याच उन्हावर माणसे उडतात, आणि तीही आपल्या पुण्याच्या अंगणात, हे कित्येकांच्या गावीही नसते.

पुण्याहून सासवडच्या रस्त्याला लागले की हडपसरजवळ एक मोठे मोकळे मैदान आहे. चांगले दोनशे एकरांहून मोठे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत भारत सरकारच्या नागरी विमान खात्याने येथे ग्लायडिंगचे केंद्र काढले. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचे विमान. त्याला पंख असतात, शेपटी असते, बसायला खुर्ची असते. नसते ते फक्त विमानाला पुढे ओढणारे यंत्र. येथे कॉलेजातली मुले शिकली, एन.सी.सी.चे कॅडेट शिकले, कचेरीतून रविवारी सायकल मारीत येणारे कारकूनही शिकले. तेव्हा भोवती शेते आणि माळ होते. आता चारी बाजूंनी इमारती उभ्या राहिल्या आहेत आणि त्यांच्या गच्चीवरून खाली पाहणाऱ्याला ते मैदान म्हणजे शहराने विसरलेला एक तुकडा वाटतो.

अशा केंद्रावरचा उन्हाळ्यातला दिवस सकाळी लवकर सुरू होतो आणि सकाळी अगदी नीरस असतो. हँगरमधून ग्लायडर ढकलत बाहेर काढायचे, पंखांवरची धूळ पुसायची, प्रत्येक खीळ आणि प्रत्येक तार तपासायची. मग मैदानाच्या एका टोकाला ग्लायडर आणि दुसऱ्या टोकाला विंच. विंच म्हणजे विहिरीवरच्या रहाटाचाच एक दांडगा भाऊ समजा. मोटारीच्या इंजिनाला जोडलेले एक मोठे रीळ असते आणि त्यावर सुमारे हजार मीटर लांबीची पोलादी तार गुंडाळलेली असते. तारेचे टोक ग्लायडरच्या पोटाखालच्या आकड्यात अडकवतात. एकजण पंखाचे टोक हातात धरून तो समतोल ठेवतो, खूण होते, रीळ गरगर फिरू लागते, आणि लहानपणी आपण पतंगाला जशी ढील न देता धाव घेत वर चढवीत असू, तसे ते ग्लायडर तारेच्या ओढीने वर चढते. अर्ध्या-पाऊण मिनिटात तीनशे मीटर उंची! वैमानिक मुठीत धरलेली खुंटी ओढतो, तार सुटते, तिच्या टोकाची छोटी हवाई छत्री उघडते आणि ती खाली येते. वर उरतो वैमानिक आणि शांतता.

ही शांतता सहा मिनिटांची असते. हिशेब सोपा आहे. ग्लायडर म्हणजे हवेच्या घसरगुंडीवरून घसरत जाणारे विमान. लाकडी जमान्यातले चांगले शिकाऊ ग्लायडरही दर सेकंदाला पाऊण-एक मीटर खाली येतच असते. तीनशे मीटर संपायला सहा मिनिटे पुरतात. सकाळी म्हणूनच सगळे धडे असे सहा-सहा मिनिटांचे होतात. वर जा, एक वळण घ्या, दुसरे वळण घ्या, उतरा. पुन्हा ढकला, पुन्हा तार अडकवा. ज्याला उडण्याचे वेड आहे असे वाटते, त्याने एक दिवस मैदानावर ग्लायडर ढकलून पाहावे. वेड खरे की खोटे ते दुपारपर्यंत कळते.

पण साडेदहा-अकराला काहीतरी बदलते. खुर्चीचे धातूचे भाग हाताला चटका देऊ लागतात. पारदर्शक झाकणाखाली बसणे म्हणजे काचेच्या बरणीत मुरंबा होऊन उन्हात बसणे. डोक्याला सुती टोपी, बगलेत पाण्याची बाटली, शर्ट पाठीला चिकटलेला. सावलीतला पारा अडतीसच्या पुढे सरकतो, आणि शहाणी माणसे घरात दारे लावून पडलेली असताना ही मंडळी मात्र खूष होऊन आभाळाकडे बघू लागतात. कुणीतरी बोट दाखवतो. मैदानापलीकडे दोन घारी पंख न हलवता गोल गोल फिरत वर चालल्या आहेत.

नक्षत्रांची मालिका

पुढे जाण्यापूर्वी एक गंमत सांगतो. आपल्या देशात स्वतः आखून बांधलेल्या ग्लायडरांची नावे पाहा. १९५८ साली उडाले ते ‘अश्विनी’. १९६१ च्या मे महिन्यात उडाले ते ‘रोहिणी’. दोघांना शेजारी शेजारी बसता येईल असे, आणि इतके सोयीचे, की त्याच्या शंभरांहून अधिक प्रती बांधल्या गेल्या. १९६३ साली एकट्यासाठीचे ‘कार्तिक’ आले. हे नाव कृत्तिकांच्या घरचेच. १९७० साली ‘मृगशीर्ष’, आणि १९७९ साली ‘आर्द्रा’. यांतली पहिली यंत्रे आखणाऱ्या एस. रामामृतम् यांचे नाव आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नाही, याचे वाईट वाटते.

आता घरातले पंचांग काढा. सूर्य अश्विनी नक्षत्रात जातो १३-१४ एप्रिलला. त्यानंतर भरणी, ११ मेच्या सुमारास कृत्तिका, २५ मेच्या सुमारास रोहिणी आणि ७-८ जूनला मृग. पुढे आर्द्रा लागते तेव्हा पाऊस सुरू झालेला असतो. म्हणजे अश्विनीपासून मृगापर्यंतचा जो काळ शेतकरी नांगरटीला आणि जमीन तापवायला वापरतो, तोच महाराष्ट्राच्या पठारावर ग्लायडरचा ऐन हंगाम! नावे ठेवणाऱ्यांनी हे मनात धरले होते की नक्षत्रांच्या यादीतली पहिली नावे ओळीने उचलली, कोण जाणे. पण योग जमला आहे खरा.

हवेचे बुडबुडे

तर त्या घारी वर कशा जातात? चुलीवर पातेल्यात पाणी ठेवले की तळाशी बुडबुडे धरतात, फुगतात आणि सुटून वर येतात. जमिनीचेही तसेच होते. ऊन हवेला थेट तापवीत नाही. ते जमिनीला तापवते आणि जमीन आपल्या अंगालगतच्या हवेला. पण सगळी जमीन सारखी तापत नाही. नांगरलेले काळे रान, उघडा मुरूम, पत्र्याची छपरे, खडीची खाण ही लवकर तापतात. गवताळ, ओली, सावलीतली जमीन मागे राहते. तापलेल्या जागेवरची हवा हलकी होते, काही वेळ तिथेच दबा धरून बसते, आणि मग एखादी वाऱ्याची झुळूक, एखादी टेकडी, एखादा बैलगाडीचा धुरळासुद्धा तिला उठवायला पुरतो. ती सुटते आणि उंच खांबासारखी वर जाते. ग्लायडरवाले तिला ‘थर्मल’ म्हणतात.

आपण तिला लहानपणापासून ओळखतो. उन्हाळ्यात माळावर पाचोळा आणि धूळ गोल फिरवीत जाणारी वावटळ म्हणजे थर्मलचेच पाऊल. खेड्यात पोरांना सांगत, वावटळीत भूत असते, जवळ जाऊ नका. भूत नसेल, पण जवळ न जाण्याचा सल्ला चांगला आहे. ग्लायडर वर असताना जी वावटळ दिसली की वैमानिकाला आनंद होतो, तीच जमिनीलगत, उतरताना आडवी आली तर त्याचा पंख उलथवू शकते.

या खांबात शिरून घारीसारखे गोल फिरत राहिले की ग्लायडर हवेच्या मानाने खालीच घसरत असते, पण हवाच त्याहून वेगाने वर चाललेली असते. उतरत्या जिन्यावरून सावकाश खाली येणाऱ्या माणसाला जिन्यासकट वर उचलावे, तसा हा प्रकार. दर सेकंदाला दोन-तीन मीटर वर नेणारे थर्मल दख्खनच्या उन्हाळ्यात दुर्मीळ नाहीत. दर शंभर मीटरला कोरड्या हवेचा पारा एक अंशाने उतरतो. खाली एकोणचाळीस अंश असतील तर दोन हजार मीटर वर एकोणीस! हडपसरच्या वर अकराशे मीटर गेला की वैमानिक कळसूबाईच्या शिखराहून उंच असतो, आणि महाबळेश्वरची हवा त्याला भाड्याच्या खोलीवाचून मिळते.

माणसाला हे समजायला बराच वेळ लागला. जर्मनीत ओटो लिलिएन्थालने १८९१ पासून टेकडीवरून सुमारे दोन हजार वेळा झेपा घेतल्या आणि १८९६ साली त्यातच प्राण गमावले. पण त्या झेपा उतारावरच्या होत्या. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनांच्या इंजिनवाल्या विमानांवर बंधने आणली, तेव्हा तिथल्या तरुणांनी बिनइंजिनाची विमाने टेकड्यांवर नेली. तेही वर्षानुवर्षे टेकडीवर आदळून वर वळणाऱ्या वाऱ्यावरच तरंगत राहिले. १९२६ च्या ऑगस्टमध्ये माक्स केगल नावाच्या वैमानिकाला एका वादळी ढगाने आत ओढून घेतले आणि पंचावन्न किलोमीटर दूर नेऊन टाकले. बिचारा जिवंत उतरला, आणि जगाला कळले की टेकडी सोडूनही जाता येते! १९२८ च्या सुमारास हवा वर नेते आहे की खाली हे दाखवणारे व्हेरिओमीटर नावाचे यंत्र ग्लायडरमध्ये बसले, आणि मग मोकळ्या मुलखावरून जाणे हा धाडसाचा न राहता अभ्यासाचा विषय झाला.

घारींना व्हेरिओमीटर लागत नाही. त्या पंखांच्या पिसांनी वाचतात. १९७०च्या दशकात कॉलिन पेनीक्विक नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने आफ्रिकेत सेरेन्गेटीच्या माळावर छोट्या मोटर-ग्लायडरमधून गिधाडांच्या मागे मागे फिरून त्यांचा मार्ग अभ्यासला होता. आपल्याकडेही एके काळी थर्मल दाखवणारी गिधाडे पुष्कळ होती. जनावरांना देण्यात येणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाने १९९०च्या दशकापासून त्यांचा देशभर असा संहार झाला, की काही जाती शंभरात पाचही उरल्या नाहीत. २००६ साली ते औषध जनावरांसाठी बंद झाले. आज दख्खनच्या वैमानिकाला वाटाड्या म्हणून घारच तेवढी उरली आहे.

चला मांडवगणला!

ग्लायडर शिकणाऱ्याच्या आयुष्यात एक दिवस असा येतो, की तारेवरून वर जायचे आणि पुन्हा मैदानावर उतरायचे नाही. त्याला रौप्य बिल्ला हवा असतो. निळ्यावर तीन पांढरे समुद्रपक्षी आणि भोवती रुपेरी पानांची माळ, असा हा जगभर एकच असलेला बिल्ला आहे. त्यासाठी तीन गोष्टी कराव्या लागतात: पाच तास हवेत राहायचे, हजार मीटर उंची मिळवायची, आणि सरळ रेघेत पन्नास किलोमीटर जायचे. पहिल्या दोन मैदानाच्या डोक्यावर राहूनही साधता येतात. तिसऱ्यासाठी घर सोडावे लागते.

हडपसरवर कंपासचे टोक ठेवून पन्नास किलोमीटरचे वर्तुळ काढा. पूर्वेला त्या वर्तुळाच्या जरा पलीकडे, भीमा आणि घोड या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात, शिरूर तालुक्यात मांडवगण फराटा हे गाव आहे. (नुसते मांडवगण म्हणू नये, त्या नावाचे दुसरे गाव श्रीगोंद्याकडे आहे.) एप्रिलच्या दुपारी पश्चिमेचा वारा पाठीशी असतो, म्हणून पूर्वेकडची वाट सोयीची. लोहगावच्या विमानतळावर विमानांची एवढी वर्दळ वाढली आहे, की हडपसरहून मनाला येईल तसे निघणे आता सोपे राहिलेले नाही. तेव्हा आपण हा प्रवास कागदावरच करू. कागदावरच जायचे तर विमान आवडीचे घ्यावे: रोहिणी घेऊ. वाचकाने वैमानिकाच्या शेजारच्या खुर्चीत बसावे. बिल्ल्याचे उड्डाण एकट्यानेच करावे लागते, म्हणून आपले वजन मात्र कागदाइतकेच ठेवावे.

साडेबाराला तार सुटली. उंची तीनशे मीटर. रोहिणी एक मीटर उतरताना फार तर वीस-बावीस मीटर पुढे जाते, म्हणजे या उंचीवर साडेसहा किलोमीटर. लोणी काळभोरसुद्धा येणार नाही. म्हणून आधी उंची. मघाच्या घारी गेल्या होत्या त्या जागी पंख थरथरतो, डावा पंख वर उचलला जातो. ज्या बाजूचा पंख उचलला त्या बाजूला थर्मल असते. म्हणून हवा ढकलील तिकडे न जाता तिच्या विरुद्ध वळायचे. हा नियम पाठ करायला एक मिनिट लागते आणि हाताला लागायला एक वर्ष. रोहिणी वळते. व्हेरिओमीटरचा काटा वर. मैदान, फुरसुंगीची घरे, कालवा, सगळे एका खांबाभोवती फिरू लागते आणि लहान होत जाते. पंधरा मिनिटांत अठराशे मीटर. घाम सुकतो. दक्षिणेला दिवेघाटाच्या टेकड्या आणि त्यांच्यामागे पुरंदर.

आता निघायचे. हा क्षण बाहेरून दिसत नाही, पण सगळ्या उड्डाणाचा जीव त्यातच असतो. जोवर मैदान घसरगुंडीच्या टप्प्यात आहे तोवर वैमानिक घरातच आहे. लोणी ओलांडून उरुळी कांचनकडे नाक केले, दहा-बारा किलोमीटर गेले, की मागे वळून परत पोचण्याची खात्री संपते. मागे पाहायचे नाही. पुढचे थर्मल शोधायचे. आणि शोधायचे कशावरून? आभाळ एप्रिलमध्ये बहुधा कोरडे असते. मे महिन्यात हवेत दमटपणा आला की प्रत्येक थर्मलच्या डोक्यावर कापसाचा पुंजका बसतो आणि तो दुरूनच दिसतो. किती उंचीवर बसेल तेही सांगता येते: जमिनीवरचे तापमान आणि दवबिंदू यांच्यातले अंश मोजावेत, प्रत्येक अंशाला सव्वाशे मीटर धरावे. अडतीस आणि चौदा असतील तर चोवीस गुणिले सव्वाशे, तीन हजार मीटर. पण एप्रिलच्या निरभ्र दिवशी पाटी कोरी असते. तेव्हा वर नव्हे, खाली वाचायचे.

खाली पुणे-सोलापूर रस्ता आणि रेल्वेचे रूळ हातात हात घालून पूर्वेला चालले आहेत. उजव्या हाताला भुलेश्वराची डोंगररांग, उघडी आणि तापलेली. वैमानिक रस्ता सोडून मुद्दाम त्या बाजूने जातो. डोंगराच्या उन्हात भाजलेल्या अंगावरून थर्मल हमखास उठतात. यवतच्या अलीकडे उंची नऊशे मीटरवर आली आहे. तोंडाला कोरड पडते, ती उन्हाने नव्हे. मग मुरमाच्या एका उजाड टेपावर वावटळ दिसते. तिच्या वर जाऊन फिरायला लागावे तो काय, एका घारीने आधीच जागा धरली आहे. ती ज्या अंगाने फिरते त्याच अंगाने आपणही फिरायचे. हा माणसांच्या ग्लायडरांनी आपसांत पाळायचा नियम. तो पक्ष्यांशीही पाळावा, त्यातच भले. पुन्हा दोन हजार मीटर.

केडगाव मागे पडते आणि वैमानिक ईशान्येला वळतो. समोर भीमेचे पात्र आणि तिच्यापलीकडे...

हिरवा सापळा

तिच्यापलीकडे सगळे हिरवेगार! रस्त्याने जाणारा माणूस पारगावच्या पुलावर येऊन हा मुलूख पाहतो तेव्हा त्याचा जीव निवतो. वैमानिकाचा जीव टांगणीला लागतो. कारण तो हिरवा रंग उसाचा आहे.

माठातले पाणी गार का होते हे शाळेतली मुलेही सांगतील. पाझरलेले पाणी वाफ होऊन जाते आणि जाताना माठाची उष्णता घेऊन जाते. किती? एक लिटर पाण्याची वाफ व्हायला जेवढी उष्णता लागते, तेवढीत पाच लिटरांहून अधिक बर्फासारखे गार पाणी उकळीला येईल. आता शेकडो एकर पाण्याने भिजलेले, लाखो पानांतून श्वास सोडणारे उसाचे रान डोळ्यांपुढे आणा. ऊन तेवढेच पडते, पण त्यातला मोठा हिस्सा वाफेच्या कामी खर्च होतो. हवा तापवायला उरते थोडेच. थर्मल उठतात ते दुबळे, आणि कित्येक ठिकाणी उठतच नाहीत. ऊन तेच, पण कोरड्या माळावर ते वैमानिकाच्या खाती जमा होते, आणि उसात ते शेतकऱ्याच्या खाती.

तक्रार कशाला करावी? या दोन नद्यांच्या बेचक्यात माणसाने पाणी वळवण्याचे काम काही आज सुरू केलेले नाही. मांडवगणापासून जवळच, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे १९६८ पासून पुढे चौदा-पंधरा वर्षे डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांनी उत्खनन केले. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती निघाली. त्यांची घरे, त्यांच्या कोठ्या, आणि नदीच्या पुराचे पाणी वळवून घेणारा पाट आणि त्याचा बांधही! आपला वैमानिक ज्या ओलाव्यावर चरफडतो आहे, त्याची परंपरा एवढी जुनी आहे.

तो करतो काय? नदी ओलांडण्यापूर्वी होती तेवढी सगळी उंची जपून ठेवतो, नाक थोडे वर धरून हळू न जाता उलट वेग वाढवतो. मंद उतरणाऱ्या हवेत रेंगाळणे हा नवशिक्याचा मोह असतो. वाईट हवेतून लवकर बाहेर पडावे, चांगल्या हवेत सावकाश राहावे, हे शहाण्याचे लक्षण. घड्याळात तीन वाजून गेले आहेत. साडेचार-पाचनंतर सह्याद्री ओलांडून गार वारा पुण्याकडे येऊ लागतो आणि मागचे आकाश बंद होत जाते. सहाशे मीटर. नकाशावरची पन्नास किलोमीटरची रेघ मागे गेली आहे. मांडवगणची घरे समोर दिसतात. बिल्ला मिळाला! पण उतरायचे कुठे?

जागा शोधताना

वरून पाहिले तर उसाचे रान गालिच्यासारखे सपाट आणि मऊ दिसते. त्यावर उतरणे म्हणजे दीड-दोन पुरुष उंच कांड्यांच्या टोकांवर बसायला जाणे. ग्लायडर आत कोसळते आणि पंख कांड्यांत अडकून गरकन फिरते. हिरवे ते नको. नांगरलेले रान मऊ दिसते, पण वाळलेली ढेकळे धोंड्यासारखी असतात. काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा पडतात. त्यांत चाक गेले तर संपले. बांध वरून रेघेसारखे दिसतात आणि खाली गेल्यावर कंबरेएवढे निघतात. आणि सर्वांत वाईट म्हणजे तारा. नदीकाठी प्रत्येक मळ्यात पाण्याची मोटर आहे, प्रत्येक मोटरीला वीज आहे, आणि विजेची तार वरून मुळीच दिसत नाही. म्हणून वैमानिक तारा शोधत नाही. खांब शोधतो, आणि दोन खांब दिसले की मध्ये तार आहे असे समजून चालतो.

सहाशे मीटरवर मुलूख निवडायचा, तीनशेवर रान निवडायचे, आणि मग पुन्हा विचार बदलायचा नाही. इंजिनवाला वैमानिक चुकला तर इंजिनाचा जोर वाढवून पुन्हा वर जातो. याला दुसरी संधी नाही. रब्बीची ज्वारी काढून नेलेले, धसकटे उरलेले, वाऱ्याच्या दिशेने लांब पसरलेले एखादे फिकट पिवळे रान दोन मळ्यांच्या मध्ये दिसते. गोठ्याच्या चुलीचा धूर वाऱ्याची दिशा सांगतो. रोहिणी वळण घेते, पंखांवरच्या फळ्या उघडते, आंब्याच्या झाडावरून सरकते, आणि धसकटांवर खडखडत शंभरेक पावलांत थांबते. एक पंख हळूच जमिनीला टेकतो.

पुन्हा शांतता, आणि तिच्यापाठोपाठ ऊन. झाकण उघडले की भट्टीचे दार उघडल्यासारखी झळ लागते.

असे उतरणारा वैमानिक एकटा फार वेळ राहत नाही, हे खेडी ठाऊक असलेल्या कुणालाही सांगायला नको. आधी पोरे येतात, मग तरणे, मग काठी टेकीत म्हातारे. इंजिन कुठे पडले, हा पहिला प्रश्न. तो नव्हतेच म्हणतो, आणि कुणाचा विश्वास बसत नाही. “अहो भाऊ, मग हे आलं कशावर?” उन्हावर, असे उत्तर दिले तर डोक्याला ऊन लागले आहे असे समजून लोक पाण्याचा तांब्या पुढे करतात. रान ज्याचे असेल त्याला शोधून, न विचारता उतरल्याबद्दल क्षमा मागायची, धसकटांखेरीज काही मोडले का ते पाहायचे. मग केंद्राला निरोप: रस्त्याने ट्रेलर घेऊन या.

त्यानंतर एक काम राहते, आणि सगळ्या प्रवासातले मला ते सर्वांत आवडते. रौप्य बिल्ल्याचे नियम पॅरिसमध्ये १९०५ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय हवाई संघटनेचे. आता उपग्रहांवरून जागा नोंदवणारे छोटे यंत्र ग्लायडरमध्येच असते. पण त्यापूर्वी मोहोरबंद पेटीतला उंचीचा आलेख, आणि त्याबरोबर अमुक दिवशी, अमुक वेळी, अमुक ठिकाणी हा वैमानिक उतरला असा दोन त्रयस्थ साक्षीदारांच्या सह्यांचा कागद द्यावा लागे. तो कागद रानातच तयार होई. ग्लायडरच्या नाकावर तो पसरायचा, एखाद्या मास्तरांनी खिशातले पेन काढून द्यायचे, रानमालकाने चष्मा लावून मजकूर दोनदा वाचायचा आणि सावकाश सही करायची: मांडवगण फराटा, तालुका शिरूर, जिल्हा पुणे.

ट्रेलर येईपर्यंत अंधार पडतो. कंदील किंवा मोबाइलचे दिवे धरून पंखांच्या खिळी काढतात. पंख म्हणजे दोन लांब लाकडी फळ्या, एकेकाला चार माणसे लागतात, आणि चारांच्या जागी चौदा हात लावायला उभी असतात. “जपून, बांध आहे!” असे ओरडत ती पंख खांद्यावर घेऊन रानातून रस्त्याकडे निघतात.